हळदीच्या दुसऱ्या दिवशीचा पूल

घरतांच्या बंगल्यात रोज सकाळी सगळ्यांत आधी जाग यायची ती पुलाला. खरं म्हणजे जागी व्हायची घरची सून कल्पिता, पण गावात कुणालाही विचारा, तो पुलाचंच कौतुक करणार. "दत्ताशेटचा पूल बघा, कसला निळाशार असतो!" जणू काही तो आपला आपण आंघोळ करून, केस विंचरून तयार होऊन बसतो! पूल म्हणजे अर्थातच पोहण्याचा, अंगणातला, पांढऱ्या लाद्यांचा. न्हावा शेव्याच्या बंदरामागच्या त्या गावात असा पूल दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि ही गोष्ट दत्तात्रेय घरत दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगत.

माणूस वाईट नव्हता हो. उलट मनानं मोठाच म्हणायला हवा. लहानपणी बापाबरोबर मिठागरात राबलेला, खाऱ्या पाण्यात उभं राहून ज्याच्या टाचांना भेगा पडल्या असा. पुढे बंदर आलं, दत्तात्रेयांनी एक ट्रेलर घेतला, मग दुसरा, आणि बघता बघता त्यांचे ट्रेलर कंटेनर घेऊन पार गुजरातपर्यंत जाऊ लागले. बंगला बांधताना त्यांनी एकच हट्ट धरला. "जलम सगला खाऱ्या पान्यात गेला. आता मना गोऱ्या पान्यात पाय सोरून बसायचाय." गोरं पाणी म्हणजे गोडं पाणी. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं त्यांनीही मोल पाहिलं नाही. पूल झाला.

हौस त्यांची झाली, पण तिची निगा? मित्रहो, आपल्या घरात आलेली मोठी वस्तू आठवून बघा. ती येते तेव्हा नारळ फोडायला, पेढे वाटायला घर भरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तिच्यावरची धूळ पुसायला मात्र नेमकी एकच बाई असते.

इथं त्या बाया दोन होत्या, कल्पिता आणि तिची सासू कमळ. सकाळी दांड्याची जाळी फिरवून शेवग्याची फुलं आणि बदामाची पानं काढायची. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रेलरांची धूळ पाण्यावर साय धरायची, ती निराळी काढायची. फिल्टरमधून पाणी उलटं फिरवून तो धुवायचा, लाद्या ब्रशनं घासायच्या, औषध मापानं टाकायचं. वीज जाऊन मोटर बंद राहिली की पाण्यावर हिरवी झाक आलीच. कधी बेडूक, कधी विरोळा साप. सुरुवातीला पनवेलहून एक माणूस यायचा साफसफाईला. त्याला काशीदच्या एका रिसॉर्टनं कामावर घेतलं आणि तो यायचा बंद झाला. दुसरा माणूस बघू या, असं मुलगा मितेश म्हणाला, तेव्हा दत्तात्रेय हसले होते.

"घरात दोन बाया हायेत की! निस्ती जाली तं फिरवायची हाय."

निस्ती जाळी! त्या निस्त्या जाळीपायी कमळताईंचे गुडघे गेले. त्या आता वाकू शकत नव्हत्या, त्यामुळे उरलं ते सगळं कल्पितावर आलं. औषधाच्या पाण्यानं तिच्या हातांची सालं निघायची, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, भाकरीचं पीठ मळताना मीठ लागलं की ती दात-ओठ खायची. आणि खरी गंमत पुढेच आहे. लग्न होऊन तीन उन्हाळे झाले तरी पुलात ती एकदाही पोहायला उतरली नव्हती. रविवारी पाहुणे यायचे, डुंबायचे, कोंबडी-भाकरी खायचे आणि ओले टॉवेल तिथंच टाकून जायचे.

कल्पिता डी.एड. झालेली होती. लग्नाआधी ती पेणला एका शाळेत शिकवायची, मुलं तिच्यावर जीव टाकायची. उरणच्या एका शाळेनं तिला पूर्वी दोनदा बोलावलं होतं. पहिल्यांदा हजर व्हायच्या सुमारास फिल्टरची मोटर जळली आणि पुलाचं डबकं झालं. दुसऱ्यांदा मे महिन्याचे पाहुणे. दोन्ही वेळा घरच्यांचं म्हणणं एकच, पूल मार्गी लागू दे, मग जा. आता त्याच शाळेनं तिसऱ्यांदा बोलावलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "घरत मॅडम, सोमवारी सकाळी या. या वेळी नाही आलात तर मी पुन्हा फोन करणार नाही."

आणि नेमकी त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी पुलावर हळद होती!

हळद दत्तात्रेयांच्या चुलतभावाच्या मुलाची, अल्पेशची. खरं तर हळद नवऱ्याच्या दारात, त्याच्या मांडवात लागायची. पण या गावात दोन वर्षांपासून नवीन टूम निघाली होती. हळद लावायची ती दत्ताशेटच्या पुलावर. बेंजो वाजतोय, पोरं नाचतायत आणि नाचता नाचता हळदीच्या अंगानं नवऱ्यासकट सगळे धपाधप पाण्यात! त्याचे व्हिडिओ निघायचे. भावकीतल्या कोणाला नाही म्हणायचं म्हणजे नाक कापून घेणं. दत्तात्रेयांना नाही म्हणायचंही नव्हतंच.

कल्पितानं आधीच सासऱ्यांसमोर विषय काढला होता.

"बाबा, मला सोमवारी शाळेत हजर व्हायचंय."

"जा की! मी कुठं नको बोलतो? फक्त हलद झाली का पूल साफ करून जा."

"हळदीनंतर पूल साफ व्हायला आठवडा जातो, बाबा. तेल असतं, हळद असते. गेल्या वेळी..."

"अगं, मग चार दिवस उशिरा जा. शाला काय पलून जाते?"

आत स्वयंपाकघरात कमळताईंनी तिचा चिरलेला हात आपल्या हातात घेतला. "तू जा, पोरी. मी बघीन पुलाचं," त्या म्हणाल्या. पण उठताना त्यांनी ओट्याचा आधार घेतला, तो कल्पितानं पाहिला. आपण गेलो तर हे सगळं या गुडघ्यांवर पडणार, हे तिला कळत होतं. सासू मायाळू असली तरी सुनेची कोंडी काही सुटत नाही!

शनिवारी हळद झाली. काय वर्णावी! अख्खी भावकी लोटली होती. बायकांनी पाट्यावर वाटलेली हळद तेलात कालवून परातीच्या पराती भरल्या होत्या. अल्पेशला हळद लागली, मग करवल्यांना, मग ज्याला त्याला. आणि मग पोरं पुलात उतरली. पाहता पाहता निळं पाणी पिवळंधम्मक झालं, वर तेलाचे तवंग तरंगू लागले. दत्तात्रेय खुर्चीत बसून कौतुकानं पाहत होते. कल्पिता आणि कमळताई पंगत वाढत होत्या. सगळं आवरून कल्पिता अंथरुणाला टेकली तेव्हा मितेश तिला म्हणाला, "उद्या सकाळी अल्पेशचं फोटोशूट हाय पुलावर. पूल एकदम ब्लू पायजे बोलतोय. पण तू टेन्शन नको घेऊ. तू झोप, मी बघतो."

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती आधीच झोपली होती.

सकाळी तिला जाग आली ती किंकाळीनं.

अंगणात सखुबाई, म्हणजे अल्पेशची आई, कपाळावर हात मारत उभी होती. भोवती बायका, पुरुष, पोरंसोरं. कल्पिता धावत गेली आणि पायऱ्यांवरच थबकली. पूल लाल झाला होता! पिवळा नाही, निळा नाही, लाल. पायऱ्यांपाशी, जिथं हळदीचा गाळ बसला होता, तिथं तर कुंकू सांडावं इतका गडद.

"लगनाच्या दिशी लाल पानी!" सखुबाई रडत होती. "माज्या पोराच्या हलदीचं रगत झालं गो! ह्यो अपशकुन हाय. मी नवरा न्हाय न्यायची मांडवात!"

"थांबवा लगीन," मागून कोणीतरी म्हणालं.

"पुलाचं औषध कोन टाकतं?" आणखी एकानं विचारलं, आणि सगळ्या माना कल्पिताकडे वळल्या.

दत्तात्रेय तिच्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या लोकांत ते कधी तिच्यावर आवाज चढवत नसत, पण आज त्यांचा तोल गेला. "काय टाकलंस पान्यात?"

कल्पितानं मोटरच्या खोलीकडे पाहिलं. दाराशी धुण्याच्या सोड्याची गोणी आडवी पडली होती. रिकामी. पनवेलचा माणूस जाताना ठेवून गेला होता ती. पाणी फार आंबट झालं की त्यातला एक डबा, तोही बादलीत विरघळवून टाकायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. मापाचा डबा जागच्या जागी, कोरडा. गोणीशेजारी मितेशच्या चपला. आणि मितेश कुठं दिसत नव्हता, तो फोटोवाल्याला आणायला जेट्टीवर गेला होता.

तिच्या सगळं ध्यानात आलं. तेल आहे म्हणजे सोडा हवा, आणि तेल पुष्कळ आहे म्हणजे सोडाही पुष्कळ हवा, एवढा साधा हिशेब करून नवऱ्यानं अख्खी गोणी ओतली होती! पण हे ती चारचौघांत कशी सांगणार? भावकीसमोर नवऱ्याचं हसं कसं करणार? तिनं ओठ घट्ट मिटले.

"बघा, बोलत पन न्हाय!" सखुबाईचा आवाज चढला. "शालेत जायला मिलत न्हाय म्हनून राग काढला हिनं! माज्या पोरावर राग काढला!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! कमळताई "अशी न्हाय गो माजी सून" म्हणत पुढे आल्या, पण त्यांचं ऐकतो कोण? कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारची शाळा तर गेलीच, आता या घरात आपलं नावही राहिलं नाही, असं तिला वाटलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि भागुबाई पुढे आल्या.

भागुबाई म्हणजे गावच्या धवलारीण. आगरी लग्नातले विधी त्यांच्या धवल्यांवर, म्हणजे गाण्यांवर चालतात. त्यांनी गायल्याशिवाय गावात कोणाचं लग्न लागलं नव्हतं. दत्तात्रेयांना तर त्या नात्यानं आत्या. शकुन-अपशकुन सांगायचा अधिकार कोणाचा असेल तर तो त्यांचा, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे लागलं. सकाळचे धवले गायला आलेल्या त्या म्हाताऱ्या बाईनं काठी बाजूला ठेवली, पुलाच्या कडेला बसून दोन बोटं पाण्यात बुडवली, एकमेकांवर चोळली. आणि चक्क हसल्या!

"सखू, रडायची थांब. इकडं ये. काल हलद लावताना ह्योच पदर व्हता ना तुजा? पिवला डाग हाय बघ." त्यांनी सखुबाईच्या पदराचा डाग धरला, शेजारच्या बाईकडून कपडे धुण्याच्या साबणाची वडी मागून घेतली आणि पदर ओला करून त्यावर दोनदा घासली. पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला.

"आता काय करू? तुज्या पदराला बी अपशकुन झाला बोलू?"

बायकांत खसखस पिकली. सखुबाईनं डोळे पुसले. "हलदीला साबन लागला का लाल व्हतंच की, आत्ते. त्ये मना म्हाईत हाय."

"म्हाईत हाय ना? मंग पान्याला का घाबरलीस?"

"एवढं सगलं पानी लाल झालेलं कुनी बघितलंय?" सखुबाई ओशाळून म्हणाली.

"पदर असो न्हाय तं टाकं असो," भागुबाई म्हणाल्या. पुलाला त्या टाकंच म्हणत. "हलदीत सोडा पडला का कुंकवाचा रंग येतो. त्यो शुभ म्हना, अशुभ म्हना, त्यो सोड्याचा गुन हाय. लगीन लागंल. मी गानार हाय." मग त्यांनी जमलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "पन मना येक सांगा. इथल्या कुठल्या बाईला हे म्हाईत न्हाय? जिनं जलमात हलदीचं कापड धुतलं, ती हलदीच्या पान्यात सोडा टाकंल का? आनि ही पोर तं रोज ह्या टाक्याचं औषध करते. हे तिच्या हातचं काम न्हाय. हे अशा मानसाचं काम हाय, ज्यानं हलदीचं कापड कदी धुतलं न्हाय नि टाकं बी कदी साफ केलं न्हाय. म्हंजे बाप्याचं!"

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. गर्दीच्या मागे, फोटोवाल्याला घेऊन नुकताच परत आलेला मितेश उभा होता. किल्ली हातात, चेहरा पांढरा. त्याला वाटत होतं की आत्ताच मागच्या मागे निघून जावं. पण त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं एकदाही त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

तो पुढे आला. "मी टाकला सोडा, आत्तेआजी. गोणी मीच ओतली. कल्पिता दमून झोपली होती. मला वाटलं, एक दिवस आपण करू, तिला झोपू दे." तो सखुबाईकडे वळला. "पानी लाल व्हायला लागलं तसा घाबरलो आणि गाडी काढून निघून गेलो. सॉरी काकी. कल्पिता, सॉरी."

एवढी मोठी भावकी, पण कोणी हसलं नाही! भागुबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मन चांगलं व्हतं तुजं, बाला. हाताला सवय नव्हती. तीन वर्सांत येक दिस जाली धरली असती तं आज ही गत झाली नसती." आणि मग त्या दत्तात्रेयांकडे वळल्या. "दत्तू, टाकं कोनाचं?"

"माजंच की, आत्ते."

"साफ कोन करतं?"

"घरचेच."

"घरच्यांना नाव असंल ना? नाव घे."

दत्तात्रेयांनी सुनेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सून करते. आधी कमल करायची."

"ती सून कदी पोहली ह्याच्यात?"

दत्तात्रेयांनी आठवून पाहिलं. पुलातले सगळे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे येत होते, भाचे, पुतणे, व्याही, धंद्यातले मित्र, त्यांची मुलं. कल्पिता आठवत होती ती काठावर. हातात टॉवेल घेतलेली, ताटं उचलणारी, जाळी धरलेली.

"आत्ते, तुला म्हाईत हाय," ते कसंबसं म्हणाले, "आपन मिठागरात कसे दिस काढले. मना गोऱ्या पान्याची हौस व्हती. चुकलं का माजं?"

"हौस न्हाय चुकली," भागुबाईंचा आवाज मऊ झाला. "मी बी तिथंच मीठ वढलंय, तुज्या आईच्या संगती. तुज्या टाचा मी बघल्यात. म्हनून तं इचारते." त्यांनी कल्पिताचा हात धरून पुढे ओढला आणि तळवा वर केला. सालं निघालेला, चिरा पडलेला तो हात सगळ्यांनी पाहिला. "तुज्या टाचंच्या भेगा तू हिच्या हाताला का दिल्यास, दत्तू?"

दत्तात्रेयांनी वाकून त्या तळव्याकडे पाहिलं. ज्या भेगांनी त्यांना लहानपणी रडवलं, त्याच भेगा आपल्या घरात, आपल्याच हौसेपायी, दुसऱ्याच्या लेकीच्या हातावर! आणि रोज तिच्या हातची भाकरी खाऊनही आपल्याला त्या दिसल्या नाहीत! त्यांनी दोन्ही हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"पोरी, माफ कर मना."

"बाबा, असं नका करू," कल्पिता पुटपुटली. पण तिचाही बांध फुटलाच. कमळताईंनी तिला जवळ घेतलं.

भागुबाईंनी काठी उचलली. "आता अजून येक आइका सगल्यांनी. आपल्यात मांडव कोन घालतं? भावकी. मेढी कोन रोवतं, वर पाला कोन टाकतं? भावकी. आनि लगीन झाल्यावर मांडव सोडतं कोन? भावकीच ना? नवऱ्याच्या आईवर टाकून कोन घरला जात न्हाय. मंग टाक्यात उड्या मारायला भावकी, नि घासायला दत्तूची सून, ही रीत कुठून आनली? माज्या धवल्यांत तं न्हाय!"

तरुण पोरांच्या माना खाली गेल्या. त्यांतल्या रितेश नावाच्या एकानं, जो काल सगळ्यांत जास्त उड्या मारत होता, हळूच विचारलं, "आजी, मग आम्ही काय करू?"

"ब्रश धर," भागुबाई म्हणाल्या. "दुसरं काय?"

लग्न लागलं, छान लागलं. फोटोवाल्यानं नवऱ्याचे फोटो शेवग्याखाली काढले, आणि ते पुलावरच्या फोटोंपेक्षा बरे आले असं सगळ्यांचं मत पडलं. सखुबाईनं सर्वांदेखत कल्पिताला पेढा भरवला. ती काही बोलली नाही, पण तो पेढा जरा मोठाच होता.

सोमवारी सकाळी कल्पिताला सवयीनं जाग आली आणि सवयीनंच ती अंगणात आली. पाहते तो पुलातलं पाणी रात्रीतून उपसलेलं, तळाशी लालपिवळा चिकट गाळ, आणि त्या गाळात लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून दत्तात्रेय घरत उभे! एका बाजूला मितेश, दुसऱ्या बाजूला रितेश आणि आणखी चार पोरं. सगळ्यांच्या हातांत ब्रश. नवरा अल्पेशसुद्धा आला होता, पण त्याच्या हाताचा हळकुंडाचा दोरा सुटला नव्हता म्हणून त्याला काठावर बसून पाण्याची नळी धरायचं काम दिलं होतं.

"बाबा, कंबर धरेल तुमची!" कल्पिता घाबरून म्हणाली आणि खाली उतरू लागली.

"खबरदार!" दत्तात्रेय ओरडले. "पायरीवर पाय ठेवलास तं. वर जा, कपडे कर. मितेश तुला शालेत सोरंल." मग कमरेवर हात ठेवून त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "काय गो हे काम! येक लादी घासली तं दम लागला. नि मी काय बोलायचो, निस्ती जाली फिरवायची हाय! माजी मना लाज वाटते."

कमळताई काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "अहो, त्या कोपऱ्यात ऱ्हायलाय गाल," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्या कोपऱ्यात वाकणाऱ्या बाईला बसल्या जागेवरून तो दाखवताना काय समाधान वाटलं असेल, ते ज्याचं त्यानं समजावं.

कल्पिता शाळेत वेळेवर पोहोचली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "या वेळी आलात एकदाच्या!" तिला दुसरीचा वर्ग मिळाला.

पुढच्या आठवड्यात जासईकडच्या एका नातेवाईकाचा दत्तात्रेयांना फोन आला. परेश त्याचं नाव. त्याच्या भावाची हळद होती. "काका, पूल पायजे व्हता. नाय बोलू नका."

पूर्वीचे दत्तात्रेय असते तर छाती फुगवून लगेच हो म्हणाले असते. आज ते म्हणाले, "पूल मिलंल की. पन हलदीच्या दुसऱ्या दिशी सकालला ब्रश घेऊन कोन कोन येनार, त्यांची नावं आधी सांग. आनि बायकांची नावं नकोत."

पलीकडे परेश हसला. "काका, पयलं नाव माजंच घ्या. दुसरं नवरदेवाचं घेऊ का?"

"नवरदेवाला नली धरायला देऊ," दत्तात्रेय म्हणाले आणि दोघेही खदखदून हसले.

वाचकहो, हौस करावी, पोटभर करावी. आयुष्यभर खस्ता खाल्लेल्या माणसानं तर नक्कीच करावी. पण पूल असो, बाग असो, कुत्रं असो की दिवाणखान्यातलं काचेचं झुंबर, वस्तू दारात आणायच्या आधी एक प्रश्न घरातल्या माणसांना विचारावा: हिची निगा रोज कोण राखणार? आणि ज्याचं नाव पुढं येईल, त्याला त्याचं मत विचारावं, त्याचे हात बघावेत. आपली हौस दुसऱ्याच्या कष्टांवर पोसली, तर ती हौस राहत नाही, अन्याय होतो. आणि तो अन्याय परक्यावर नव्हे, आपल्याच ताटात भाकरी वाढणाऱ्या माणसावर होतो.